तू नुसतं घर सांग

"तू नुसतं घर सांग. मोहरा आम्ही हलवू."

ठाण्याच्या एका वाचनालयाचे चिटणीस भर सभागृहात मला असं म्हणाले. समोर बुद्धिबळाचा पट, पलीकडे वकीलसाहेब. त्यांना 'आपण', मला 'तू'. मी कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर. दोन पोरांचा बाप. स्पर्धेत नाव घेतलं, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. आडनावावरून जात कळली आणि मोहरे बाटायला लागले.

मी मान डोलावली. ते अजून सलतं.

पांढरे मोहरे माझे. सुरुवात महिनाभर घोटलेली, एका ड्रायव्हरने दिलेल्या फाटक्या पुस्तकातून. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. मी तोंडाने सांगायचो, चिटणीस हलवायचे. माझा गावाकडचा हेल ऐकून मागे कुणीतरी फिस्सकन हसायचं. दरवेळी माझा आवाज खाली. पाचव्या खेळीला वकील चुकले. सहावीला माझ्या घोड्याने त्यांच्या राजाजवळचं प्यादं मारायचं होतं. घोडा गेला असता, पण त्यांचा राजा उघड्यावर आला असता. पुस्तकात हेच होतं. मला दिसलं. मी पुटपुटलो, "घोडा मागे."

तासाभरात माझ्या राजाला मात.

रविवारी घरी तोच डाव परत मांडला. बायकोला खेळ शिकवलेला. ती वकिलांच्या बाजूने बसली.

"अहो, इथं घोड्याने का नाही मारलंत?"

"दिसलं होतं."

"मग?"

"बोलायची लाज वाटली."

ती म्हणाली, "तुम्ही दुरुस्त केलेल्या इंजिनामागे बसून ते कोर्टात जातात. तेव्हा नाही बाटत?"

मी सहावी खेळी शोधत बसलेलो. हरलो होतो पहिलीच्याही आधी, मान डोलावली तिथंच.

पुढच्या वर्षी परत नाव दिलं. समोर परत वकीलच. चिटणीस खुर्ची ओढून शेजारी बसायला लागले. मी प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं.

"अरे, ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय. मला मान्य नाही."

वकील ताडकन उठले. चिटणिसांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "स्पर्धा फक्त सभासदांसाठी."

मी खुर्ची सोडली नाही.

"मग मला सभासद करा."

"जागा नाही."

"तसं लिहून द्या. खाली सही करा. आता शिवाशिवीविरुद्ध कायदा झालाय."

त्यांनी लिहून दिलं नाही. मी दर रविवारी जातो, अर्ज टेबलावर ठेवतो. ते बघत नाहीत. एक तर मला सभासद करतील, नाहीतर नकारावर सही करतील. तोवर मी जाणार.