एका वाघिणीचे चार वाघ

जंगलखात्यात नवा नाकेदार म्हणून लागलो तेव्हा माझा उत्साह असा उतू जात होता, की कोणीतरी वेळीच कान धरायला हवा होता. वाघांची मोजणी तेव्हा पंजाच्या ठशांवरून व्हायची. ठशावर काच ठेवायची, वरून रेघ ओढायची, मग ती कागदावर उतरवायची. काच मी नागपूरला सीताबर्डीच्या बाजारातून, तसबिरी मढवणाऱ्याकडून आणली. नियम एवढाच, की एका वाघाचा एकच पाय घ्यायचा, मागचा डावा. तो मला कोणी सांगितला नाही, आणि मी शहाणा, विचारला नाही. आमच्या नाल्यावर एकच वाघीण यायची. तिचे चारही पाय मी चार कागदांवर काढले आणि साक्षीला आमच्या रोजंदारीवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराचा अंगठा घेतला.

नागपूरच्या ऑफिसातल्या बाबूने चार कागदांचे चार वाघ केले. साहेब खूश. वरून शाबासकीचं पत्र आलं.

चौकीदार म्हणाला, "सायेब, वाघीण तं एकच हाय. मी तिले रोज पाहून राहिलो. हे बाकीचे तीन कुठून आले?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी बस धरून ऑफिस गाठलं आणि साहेबांपुढे चूक कबूल केली.

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. "म्हणजे तीन वाघ कमी झाले. कोणी मारले?"

"मारले नाहीत साहेब, नव्हतेच."

"कागदावर आहेत ना? मग चौकशी लागेल. दिवसभर त्या जंगलात कोण फिरतो?"

चौकीदार फिरायचा. वाघ मारल्याचा संशय म्हणजे सरळ तुरुंग, आणि घरी तीन पोरी. चार वाघ चारच राहू द्या म्हणालो आणि तोंड शिवून परत आलो.

पुढच्या मोजणीच्या आधीच वाघीण आम्हाला करवंदीच्या जाळीत मेलेली सापडली. अंगावर जखम नव्हती, वय झालं होतं. चौकीदार तिच्याजवळ बसून घळाघळा रडला.

मी म्हणालो, "ऑफिसला कळवतो."

"नका कळवू, सायेब. वाघ मेला म्हटल्यावर सारे मोठे सायेब येतीन. बाकीचे तीन दिसले नाहीत, तं मलेच धरतीन."

त्याचं खरं होतं. भर दुपारी आम्ही खड्डा खणला. वाघ राखायचा पगार घेणारी आम्ही दोन माणसं चोरासारखी इकडेतिकडे बघत तिला पुरत होतो. माझा मलाच संताप येत होता.

माती लोटता लोटता तो थांबला. "इतके वर्स राह्यली इथं. मेली म्हणून कोणाले सांगताही येत नाही काय?"

मी नाही म्हणालो.