मिठाच्या पिपातलं ऊन पाणी

शहाद्याच्या ज्या जिनिंगात मी वीजकामाला होतो, तिथे माडीवरच्या रुईच्या गाठी विजेच्या यारीने, म्हणजे क्रेनने, खाली येत. खाली गाठी धरायला माझा मामा आणि इतर हमाल उभे असत. उतरणारी गाठ आपल्या वजनाने मोटार फिरवते, मोटार डायनामोसारखी वीज करते. ती वीज कशात तरी जिरवली, तरच गाठ दमाने उतरते; तोच तिचा ब्रेक. आमची जिरवायची तारेची गुंडाळी एका गाठीच्या मापाची. शेठ दोन-दोन गाठी उतरवू लागला आणि गुंडाळी जळाली.

"लोखंडी पट्ट्यांची मोठी जाळी मागवा. खाली माणसं उभी असतात!" मी म्हणालो. जाळीबद्दलची कंपन्यांची सगळी पत्रकं सर्वांदेखत वाचून दाखवली. शेठने जांभई दिली. "पिपात मीठ-पाणी भर, दोन पत्रे सोड. हंगाम निघेल."

चडफडत गुंडाळीच्या जागी पीप लावलं. मीठ मापून घातलं, पत्र्यांतलं अंतर जुळवलं. गाठी सावकाश उतरू लागल्या. दिवसभर पाणी तापे.

सारंगखेड्याच्या जत्रेच्या सुमारास थंडी पडली. एका सकाळी पहिल्याच दोन गाठी धाडकन खाली आल्या. मामा उडी मारून बाजूला झाला. तो उभा होता तिथली फळी फुटली. मी वीज तोडून पिपाकडे धावलो. बोट बुडवून चाटलं. अळणी!

"पाणी कोणी बदललं?"

"आम्हीच, भाऊ," मामा धोतर झटकत म्हणाला. "ऊन पानी व्हतं, सांजले आंग धुयं. काढं तितलं भरी बी ठेवं ना!"

हमालांनी माना डोलावल्या. जणू मीच आभार मानायचे! ज्यांच्यासाठी शेठशी भांडलो, ते ब्रेकने आंघोळ करून मोकळे. मिठावाचून वीज पाण्यातून नीट जात नाही, मग गाठीला आवर राहत नाही, हे घसा बसेपर्यंत सांगितलं.

"इतलंच ना? मूठभर मीठ टाकी देतूत," मामा म्हणाला.

मी कपाळावर हात मारला. ज्यात कुणाला आंघोळ करता येणार नाही, असंच काहीतरी हवं होतं. यारीचं हँडल काढून काखेत मारलं आणि जाळी येईपर्यंत द्यायचं नाही असं शेठला सांगितलं. तो गरजला. पण फुटलेली फळी सगळ्यांसमोर होती, आणि मामा माझ्याशेजारी येऊन बसला, मागोमाग बाकीचे.

जाळी आली. दोन गाठी अलगद उतरल्या. संध्याकाळी मामाने रिकामी घागर माझ्यापुढे आदळली.

"जाळी चांगली शे. पन आते ऊन पानीबिगर आंग कशाघाई धोवू? तुन्हा कागदंसघाई?"