थिनरने धुतलेले हात

माझी वहिनी बुटांच्या कारखान्यात सोल्युशन लावायची. कारखाना म्हणजे कसला, एक लांबट खोली, दोन टेबलं आणि सात बायका. बुटाचा वरचा भाग आणि तळ दोन्हींना ब्रशने सोल्युशन फासायचं, जरा सुकलं की चिकटवून दाबायचं. ओल्या सोल्युशनवर धूळ बसली तर तळ उघडतो, म्हणून खिडक्या बारा महिने बंद. दादा गेल्यावर ती तिथे लागली आणि अकरा वर्षं टिकली. काय हात चालायचा तिचा! बाकीच्यांचे तीन जोड होईपर्यंत हिचे पाच. आणि जीभ हाताच्याही पुढे.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. ती मला मास्तरीणबाई म्हणते, आणि त्यात आदर चवीपुरताच असतो.

एका संध्याकाळी ती नळाखाली हात घासत बसली होती. सोल्युशनचे पिवळे पापुद्रे निघेनात, कातडी मात्र निघायला आली होती. वैतागून म्हणाली, "एवढी शिकलीस ना, मग सांग, हे मेलं पाण्याने का जात नाही?"

तिने विचारलं आणि मला चेवच आला. पाण्याच्या रेणूला दोन टोकं असतात, मी सांगायला लागले. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याचं टोक जरासं ऋण आणि हायड्रोजनकडचं जरासं धन. एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला ओढतं, म्हणून पाण्याचे रेणू एकमेकांना धरून बसतात. सोल्युशनमधल्या रबराला अशी टोकंच नाहीत. पाणी त्याला आपल्यात घेईल कशाला?

"म्हणजे सासरची माणसं," वहिनी म्हणाली. "आपापसात गळ्यात गळे, आणि नवी सून दारात उभी."

"अगदी! आता तुमच्या कारखान्यात सोल्युशन पातळ करायला थिनर असतो ना, त्यालाही टोकं नाहीत. तो रबराला लगेच आपल्यात घेतो. थिनर लाव, चुटकीसरशी जाईल."

झालं. एवढं बोलून मी चष्मा लावला आणि पेपर उघडला. वर्गात कधी धडा असा अर्धवट सोडून उठले नव्हते. घरात उठले.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीने कारखान्यात थिनरची पसरट वाटी मांडली. जेवणाआधी एकदा, सुटताना एकदा, सातही जणी तीत हात बुडवून चोळायच्या. "आमच्या मास्तरीणबाईंनी सांगितलंय," असं ती मिरवायची. हात लख्ख निघायचे आणि मीही बघून खूश. पुढे कातडी कोरडी पडली, भेगा पडल्या, तेव्हा मी तिला मलम आणून दिलं. मलम! माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

दोन वर्षांनी तिच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग हातातून ब्रश गळू लागला. मग पायांची पाळी. चप्पल कधी निसटली ते तिला कळायचं नाही. एकदा तिने गरम पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि माझ्याशी बोलतच राहिली. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा मी किंचाळले.

डॉक्टरांनी हातापायांना तारा लावून नसा तपासल्या. काम काय करता ते विचारलं. वाटीचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

"थिनरमधलं रसायन चरबीत विरघळतं," ते म्हणाले. "कातडीत चरबी, नसांभोवती चरबी. बंद खोलीत ते श्वासातून जातच होतं, वर तुम्ही भेगांतूनही आत पाठवलंत. पाय थोडे सुधारतील कदाचित. बोटांची आशा धरू नका."

मला यातलं काहीच नवीन नव्हतं, हीच तर गोष्ट आहे. थिनरला रबर आणि माणसाची चरबी यांतला फरक कळत नाही, हे मी त्या संध्याकाळीच सांगू शकले असते. आणि त्याच नियमाने घरातलं साधं खायचं तेल चोळलं असतं तरी सोल्युशन सुटलं असतं, वरून साबण लावला की काम झालं. बाटली समोर फळीवर होती. आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वहिनी रडली नाही. "बाकीच्या सहा जणी अजून त्याच वाटीत धुताहेत," ती म्हणाली. "चल, ऊठ."

माझ्या खांद्याच्या आधाराने ती कारखान्यात आली. जेवणाची सुट्टी होत होती. वाटी टेबलावर, सगळ्यांच्या बाह्या वर. वहिनीने मनगटाने वाटी बाजूला सारली. "याला परत हात लावलात तर याद राखा," म्हणाली आणि आपली आखडलेली बोटं पुढे धरली. मी खिडक्या उघडल्या, पिशवीतून तेल काढलं, कसं चोळायचं ते दाखवलं. तेवढ्यात दोघींनी हळूच सांगितलं की त्यांच्याही बोटांना हल्ली मुंग्या येतात.

सगळ्यांत थोरली होती तिने वहिनीला विचारलं, "अगं, पण तूच म्हणायचीस ना, मास्तरीणबाईंनी सांगितलंय म्हणून?"

सहाही जणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"छे गं!" वहिनी म्हणाली. "थाप मारायचे मी. नाहीतर तुम्ही माझं ऐकलं असतं होय? तिला यातलं काही माहीतच नव्हतं. माझ्याच डोक्यातली अक्कल."

मला तोंड उघडायचं होतं. शप्पथ सांगते, उघडायचं होतं. मुंग्यांचं बोललेल्या त्या दोघी अगदी समोर उभ्या होत्या, आणि मी मूग गिळून गप्प राहिले.

निघताना थोरलीने माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचे तळवे खरखरीत, भेगाळलेले. "बरं झालं बाई, तुम्ही आलात," ती म्हणाली. "घरात एक तरी शिकलेलं माणूस असावं, म्हणजे वेळेवर कळतं."

"असू दे," मी म्हणाले, आणि वहिनीचा कोपर धरून तिला पायरी उतरवली.