समोरचे दात

“बाई, काढाचाच असन तं मांगचा दात काढा. समोरचे माये पोटाचे आहेत.” खुर्चीत बसण्याआधी दुपट्ट्यानं ओठ पुसून तो हे म्हणायचाच. सनईवाला होता, मार्कंडा गावाकडचा. बावीस-तेवीस वर्षांचा.

ऐंशीनंतरची गोष्ट. मी चंद्रपूरकडच्या एका दवाखान्यात दातांच्या खोलीत मदतनीस होते. पांढरा कोट मिळून तीन महिने झालेले. म्हणजे समजा तुम्ही, डॉक्टरांपेक्षा मलाच जास्त कळायचं! आल्या आल्या मी त्याला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून झापलं.

“मी सुपारीबी खात नाई, बाई.”

“सगळे असंच म्हणतात.”

एक्स-रेचा फोटो आला. खर्रा खाणाऱ्यांच्या जबड्याचं हाड पावसात धानाचा बांध खचावा तसं सगळीकडून खाली बसतं. याच्या समोरच्या दातांशी आणि पहिल्या दाढांशी मात्र खेकड्यानं पोखरल्यासारखी खोल बिळं होती. बाकी हाड शाबूत.

“हे घराण्यातून येतं,” डॉक्टर म्हणाले. “हिरडी उघडून आत्ताच साफ करू. दीड महिना सनई बंद.”

तो मुकाट्यानं हो म्हणाला. बापाचे दात तिशीतच गेलेले त्यानं पाहिले होते.

आणि मी काय करावं? बाहेर व्हरांड्यात त्याला गाठलं. माझं लग्न तीन आठवड्यांवर होतं, वाजवायला त्यालाच सांगितलं होतं. “भाऊ, माह्यं लगन वाजवा न, मंग या. तेवढ्यानं काय होते?”

“तुमी दवाखान्याच्या बाई. तुमी म्हनता तं काई नाई होनार.”

पांढऱ्या कोटातली ती पोरगी आज मला भेटली तर कान उपटीन तिचे.

लग्नात त्यानं हलते दात दोऱ्यानं बांधून वर लाख लावली होती. वाजवलं मात्र असं, की वरपक्षाला नाव ठेवायला जागा नाही. मधेच पाठ फिरवून त्यानं तोंड पुसलं. दुपट्टा लाल. मुंडावळ्या सावरत मी थट्टा केली, “भाऊ, पान खाल्लं काऊन?”

“नाई बाई,” तो ओठ मिटून हसला.

माझ्या शब्दावर त्यानं लग्नांचा सगळा हंगाम वाजवला. आषाढात आला, तेव्हा समोरचे दोन दात इंजेक्शनाशिवाय डॉक्टरांच्या चिमटीत आले.

“उशीर का केलास?” डॉक्टर खेकसले.

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं. “घरच्या धानाचा रोवणा होता, सायेब.”

रोपं लावायला त्याच्याकडं टिचभरही जमीन नव्हती.

पुढं नणंदेच्या लग्नात तो दिसला, ढोल वाजवताना. सनई दुसऱ्याच्या हातात होती. तिचा सूर चढला, की तोंड मिटलेलं असूनही याचे गाल फुगायचे.