दात्याच्या जागी श्री

उस्मानपुऱ्यातल्या रक्तपेढीत संगणकावर नोंदी करताना सुलेखाताई एकही चौकट रिकामी सोडत नसत. कोरं ठेवू नये, ही आईची शिकवण. थॅलेसेमियाच्या ज्या लेकराला ठरलेला रक्तदाता नसे, त्याच्या दाता क्रमांकाच्या जागी त्या ‘श्री’ लिहीत. पुढचं तो बघेल.

आणि बघितलंही जात होतं. रक्त चढवायचा दिवस जवळ आला की संगणक लेकरांची यादी दात्यांच्या यादीशी जोडी, आणि श्रीवाल्या लेकरासाठी त्या रक्तगटाच्या सगळ्या दात्यांना निरोप जाई. घरच्यांनाही फोन करायची आठवण निघे.

गेल्या पंधरवड्यात कंत्राटावरच्या राजेंद्रनं नवं सॉफ्टवेअर बसवलं. आज खुलताबादहून साळूबाई नातीला कडेवर घेऊन आल्या. प्रेरणानं मान टाकलेली, ओठ पांढरेफटक.

“फोनची लई वाट पाह्यली, ताई. म्हनलं रक्त नसंल. पोरगी उठंना, मग आले तशीच.”

बी निगेटिव्हची एक पिशवी शिल्लक नव्हती. सुलेखाताईंनी रक्त चढवायच्या लेकरांची यादी काढली. प्रेरणा त्यात नव्हती. पुन्हा काढली. नव्हतीच. तिची नोंद मात्र जागच्या जागी होती. त्यांनी राजेंद्रला फोन लावला.

“दाता क्रमांकात काय लिहिलंय, ताई?”

“श्री.”

“तिथं आकडा पाहिजे ना. जुनं सॉफ्टवेअर अक्षरांना शून्य समजायचं. शून्य क्रमांकावर आपण ‘कोणताही दाता’ ठेवलेला, म्हणून जोडणी जमायची. नव्याला अक्षर आणि आकडा एक वाटत नाहीत. जोड सापडली नाही की नावच गाळतं, सांगतही नाही. देवाला कशाला ड्युटी लावली हो? तिथं शून्य टाका.”

लेकराच्या नावापुढं शून्य. हात धजेना, तरी टाकलं. निरोप सुटले. उत्तर येईना, तेव्हा त्या एकेकाला फोन लावत सुटल्या. शेंद्र्याच्या अभयनं गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं. एक जण पुण्याला. एकाचा फोन बंद. शेवटी पैठणचे आप्पासाहेब म्हणाले, “येतो की. पण आधी का नाही सांगितलं, बाई?”

सुलेखाताईंनी फोन ठेवला.

“येतायत,” त्या साळूबाईंना म्हणाल्या.

“कवा?”

पैठणहून यायचं, मग रक्त घ्यायचं, तपासायचं. बाकड्यापाशी खाली बसून सुलेखाताईंनी प्रेरणाचे पाय मांडीवर घेतले. पाय गार होते. त्या तळवे चोळत राहिल्या. नाम घ्यायला ओठ हलले, पण तोंडून एवढंच येत होतं, “लवकर या, आप्पासाहेब, लवकर या.”