नत्थूजी आणि धुतलेली बाटली

नत्थूजींबद्दल कोणी काही लिहिलेले नाही. मला ते नीट जमेल असेही नाही. पण त्यांना ओळखणारे आता फारसे उरले नाहीत.

ते मूळचे उमरेडचे, हातमागाच्या घरातले. माग सुटल्यावर नागपुरात एका सरकारी प्रयोगशाळेत तपासनीस झाले. १९७४ च्या उन्हाळ्यात आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीत कॉलरा आला, तेव्हा त्यांची-माझी गाठ पडली.

माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, गोपिकेला, सकाळपासून पाण्यासारखे जुलाब होत होते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "नमुना तपासून आणा. कॉलरा निघाला तर साथीच्या वॉर्डात घेतील. चिठ्ठीशिवाय तिथे खाट मिळत नाही." माझी बायको अनुसया हिने बाटलीत नमुना भरून दिला. एका हातात ती बाटली धरून मी प्रयोगशाळेकडे सायकल हाणली.

नत्थूजींनी काचेवर एक थेंब घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी दाराशी उभा होतो.

"काहीच हालून नाही राहिलं गा," ते म्हणाले.

"म्हणजे कॉलरा नाही?"

"जंतू असते तर पळताना दिसले असते."

मी हात जोडले. पण त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही. बाटली नाकाशी नेली आणि माझ्याकडे पाहिले.

"तुह्या घरी माग आहे का गा?"

"हो जी."

"बाटली कायनं धुतली?"

सूत पांढरे करायचे ब्लीचिंगचे पाणी आमच्या घरी नेहमीच कालवलेले असे. सरकारी जागी घाण बाटली कशी पाठवायची, म्हणून अनुसयेने ती त्याच पाण्याने विसळली होती. मी तसे सांगितले.

"वा रे वा! सुतासंगं जंतूही धुतले!" ते हसले, पण लगेच उठले. "माही मायही असंच करे. चाल, बस मागं."

माझीच सायकल त्यांनी चालवली. उकळत्या पाण्यातून काढलेली दुसरी बाटली माझ्या मांडीवर होती. घरी पोचलो तेव्हा गोपिकेचे डोळे खोल गेले होते, हाक मारली तरी ती बघत नव्हती. अनुसया रडू लागली.

"रडू नको वं," नत्थूजी म्हणाले. "तिले मीठ-साखरेचं पाणी पाजत राह्य. घोट-घोट."

नवा नमुना घेऊन प्रयोगशाळेत परत आल्यावर त्यांनी मलाच सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून पाहायला लावले. तळ्यावरच्या चिलटांसारखे काहीतरी सुसाट पळत होते. मग त्यांनी औषधाचा एक थेंब सोडला. "हे कॉलऱ्याचेच असतील तर थांबतील."

मी श्वास रोखून पाहत राहिलो. घटकेपूर्वी काही हलू नये म्हणून देवाला विनवले होते. आता तेच हलणे थांबू नये म्हणून विनवत होतो.

थांबले.

मी तिथेच खाली बसलो. नत्थूजी चिठ्ठी लिहू लागले. चिठ्ठी माझ्या मुठीत कोंबून ते ओरडले, "बसला काहून? पळ!"

त्याच दुपारी खाट मिळाली, सलाईन लागले. चौथ्या दिवशी मी सांगायला गेलो. ते नवीन बाटली उघडत होते.

"पोरगी?"

"पेज मागून राहिली जी."

त्यांनी मान हलवली. मग झाकण काढून आधी त्या बाटलीचा वास घेतला.