लॅपटॉपात बंद, फोनवर चालू

लहरीबाईंचं दुकान उघडं होतं, लहरीबाई गादीवर बसलेल्या होत्या, आणि तरी डोंगरसिंग गुरुजी पुतण्याच्या लग्नाचा बस्ता नंदुरबारहून बांधून आले. त्यांच्या घरातले आजवरचे सगळे बस्ते खांडबाऱ्यातल्या याच गादीवर बांधले गेले होते. स्टेशनावरून गाठोडी घेऊन जाताना गुरुजींची नजर लहरीबाईंवर पडली आणि पाय जागीच थांबले.

"काकी, शाळाना लॅपटॉपमा दखं," ते ओशाळून म्हणाले. "तुमनं दुकान कायमनं बंद शे, असं लिखेल व्हतं."

"मी आठे बठेल शे, गुरुजी. मी मरी गऊ का?"

गुरुजींनी खिशातला फोन काढून त्यालाही विचारलं. फोन म्हणाला, दुकान रात्री आठपर्यंत चालू. एकच दुकान, एकच दुपार, आणि निकाल दोन. आता यात नवल ते काय? लॅपटॉप एका कंपनीचा, फोन दुसरीचा. प्रत्येकीने आपापल्या यंत्रातच शोधायची पेटी बसवून दिलेली, म्हणजे माणसाने काही विचारायचं तर तिच्याच दारात येऊन विचारावं. सेटिंगमधून ती पेटी काढा, पुढच्या अपडेटला हाकललेल्या मांजरासारखी परत हजर. कंपन्यांनी खुशाल भांडावं. पण त्यांच्या भांडणात लहरीबाईंचे तीन जुने बस्ते त्या मोसमात वाट वाकडी करून दुसरीकडे गेले होते.

आणि मोसम साधासुधा नव्हता. गेल्या वर्षी नवरा, गौतमचंद, गेला. तेव्हापासून सुरतेला दलाली करणारा मुलगा रिषभ मागे लागला होता की दुकान मोडू आणि तू माझ्याकडे चल. बऱ्याच वादानंतर ठरलं, आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्यतृतीयेपर्यंत, बघायचं. लग्नाची गिऱ्हाइकं आली तर दुकान राहील, नाही तर कुलूप. लहरीबाईंना सुरतेच्या सातव्या मजल्यावर बसून भाजी निवडायची नव्हती.

रविवारी रिषभ आला. आईने डोंगरसिंग गुरुजींची गोष्ट सांगितली, तर त्याने आपला लॅपटॉप उघडून गादीवर ठेवला. पडद्याच्या खालच्या शोधायच्या पेटीत दुकानाचं नाव टाकलं. लाल अक्षरात आलं: कायमचं बंद.

"बघ मम्मी, लोकांनी केव्हाच ठरवलंय."

"लोकांनी? याला सांगितलं कोणी?"

रिषभ पडद्याकडे बघत म्हणाला, "पप्पा गेले तेव्हा बारा दिवस दुकान बंद होतं ना. याने विचारलं, हे दुकान बंद झालंय का. मी हो म्हटलं."

"बारा दिवसांसाठी?"

"नाही. मला वाटलं, आता चालवणार कोण."

लहरीबाईंना ते फार लागलं. चाळीस वर्षं गल्ल्यावर गौतमचंद बसले खरे, पण लुगडं उलगडून दाखवलं ते लहरीबाईंनीच. कुठल्या पाड्याला कुठला काठ चालतो, नवरीच्या आईला कुठला रंग बघितल्यावर राग येतो, हे गौतमचंदसुद्धा त्यांनाच विचारत. आणि पोटचा पोरगा विचारतो, चालवणार कोण.

"बरं झालं यंत्रं दोन आहेत," त्या म्हणाल्या. "एकच असतं तर तुझं खरं झालं असतं, आणि मी माझ्याच दुकानात बसून खोटी ठरले असते. आता जे केलंस ते निस्तर."

रिषभने मुकाट्याने अर्ज उघडला. दुकान पुन्हा चालू झाल्याचा फोटो हवा होता. लहरीबाईंनी मागचे कापडाचे तागे उपसून गादीवर रचले आणि पदर सारखा न करताच समोर बसल्या. फोन नंबर हवा होता. रिषभ सुरतेचा टाकू लागला, तर त्यांनी आपला सांगितला. शेवटच्या रकान्यात मालकाचं नाव होतं. रिषभने सवयीने टाइप केलं, रिषभ गौतमचंद.

"खोड."

"मम्मी, पुढे-मागे माझ्याच नावावर होणार ना?"

घरात मारवाडी बोलणाऱ्या लहरीबाई रागावल्या की बाजारातल्या अहिराणीवर येत.

"पुढलं पुढे दखसूत. आज मालक मी शे. मन्हं नाव टाक."

त्याने खोडलं आणि आईचं नाव टाकलं.